पायाळू बाळ, सोनोग्राफी आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. बँकेत कारकुनी करणारा, तोही कला शाखेचा पदवीधर, बाळंतपणावर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि औषधोपचार सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण आमच्या काउंटरवर मातृवंदना योजनेचे पैसे काढायला गरोदर बाया येतात. पहिल्या बाळंतपणासाठी या योजनेत पाच हजार रुपये खात्यात जमा होतात. पासबुक भरून झाले की पिशवीतून दवाखान्याची फाईल निघते आणि हळूच विचारणा होते, "भाऊ, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा." फाईल इंग्रजीत असते. त्यात 'ब्रीच' हा एक शब्द दिसला की बाईच्या सोबत आलेल्या सासूचा चेहरा उतरतो, कारण घरी कोणीतरी सांगितलेले असते की मूल पायाळू आहे. या शब्दाभोवती आपल्याकडे जेवढी भीती आहे, तेवढी माहिती नाही. म्हणून आम्ही वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

आपल्या भाषेत पायांकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, पायाळूवर वीज पडते, त्याला जमिनीखालचे पाणी कळते, त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की गुप्तधन दिसते, अशा समजुती मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. उसण उतरवण्यापर्यंत ठीक आहे, त्यात कोणाचे काही जात नाही. पण गुप्तधनाच्या नादात माणसे कुठवर जातात हे आपण जाणतो. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि पाण्याचे साठे शोधण्यासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याला अशी नोंद घ्यावी लागली, यावरून ती समजूत किती खोल आहे ते कळते.

आता खरी गोष्ट पाहू. पोटातले बाळ पाण्यात तरंगत असते आणि बरेच दिवस ते फिरत राहते. सातव्या महिन्याच्या सुमारास, म्हणजे अठ्ठाविसाव्या आठवड्याला, दर चार-पाच बाळांमधले एक बाळ डोके वर आणि ढुंगण खाली असे असते. पुढे जागा कमी पडू लागते तशी बहुतेक बाळे आपोआप डोके खाली करतात. दिवस भरताना शंभरात तीन ते चार बाळेच तशी राहतात. म्हणून पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत 'ब्रीच' असे लिहिलेले पाहून रडायचे कारण नाही. त्या वेळी त्या शब्दाला फारसा अर्थ नसतो. तोच शब्द नववा महिना लागल्यावर दिसला, तर मात्र त्याची दखल घ्यायला हवी.

बाळ असे का राहते? गर्भपिशवीचा आकार वेगळा असणे, पिशवीत गाठ असणे, पाणी फार जास्त किंवा फार कमी असणे, जुळे असणे, वार खाली असणे, ही काही कारणे आहेत. कित्येकदा कोणतेच कारण सापडत नाही. बाईने ग्रहणात भाजी चिरली, दोरी ओलांडली, जड उचलले, यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण दोष नेहमी बाईच्याच माथी मारला जातो.

धोका कशाचा, तेही समजून घेऊ. बाळाच्या अंगात डोके सर्वांत मोठे आणि कठीण. ते आधी आले तर वाट पूर्ण उघडते आणि मागचे अंग सहज येते. पाय किंवा ढुंगण आधी आले तर अंग बाहेर येते, पण डोके अडकू शकते. पाय खाली असतील तर पाणी फुटताच नाळ बाहेर घसरू शकते. नाळ दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा थांबतो आणि मग मिनिटांचा हिशेब असतो.

पूर्वी गावात हे प्रसंग सुईण निभावत असे. मराठवाड्यात हे काम बहुधा आपल्याच वस्त्यांतल्या बायांकडे होते. पाटलाच्या वाड्यातले मूल ज्या हातांनी जगात आणले, तेच हात काम संपल्यावर विटाळाचे ठरत. त्या आज्यांच्या हातांत अनुभव होता. पोटावर हात फिरवून डोके कुठे आहे ते त्या सांगत आणि तेल लावून मूल वळवण्याचा प्रयत्नही करत. पण वार कुठे चिकटली आहे, बाळे एक की दोन, पाणी किती, हे हाताला कळत नाही. वार खाली असताना पोट चोळले तर रक्तस्राव होऊन आई जाते. त्यांच्या कष्टांचा मान राखूनही आज कोणी घरी पोट चोळून मूल वळवू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

मूल बाहेरून वळवण्याची ती जुनी कल्पना वैद्यकशास्त्राने मात्र टाकून दिलेली नाही. इस्पितळात डॉक्टर तेच काम तपासणी करून आणि तयारी ठेवून करतात. त्याला इंग्रजीत एक्स्टर्नल सेफॅलिक व्हर्जन म्हणतात. 'सेफॅलिक' म्हणजे डोक्याकडचे. फाईलवर नुसते 'ईसीव्ही' असे लिहिलेले असते.

पहिलटकरणीत छत्तिसाव्या आठवड्यापासून आणि आधी बाळंत झालेल्या बाईत सदतिसाव्या आठवड्यापासून हे करतात. आधी सोनोग्राफी होते, बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, गर्भपिशवी सैल पडावी म्हणून अनेकदा इंजेक्शन देतात. मग डॉक्टर पोटावर दोन्ही हात ठेवून बाळाचे ढुंगण वर उचलतात आणि त्याला हळूहळू कोलांटी घ्यायला लावतात. काम काही मिनिटांचे असते. बाईला फार दुखले किंवा बाळाचे ठोके मंदावले तर लगेच थांबतात. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचे इंजेक्शन देतात. साधारण दोनशेत एका बाईला त्यानंतर तातडीचे सिझेरियन लागू शकते. म्हणून हे काम शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच करायचे असते. वार खाली असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल, पाणी गेले असेल, किंवा ठोक्यांचा आलेख बरा नसेल, तर ते करतच नाहीत.

यश किती? सरासरी निम्मे. पहिलटकरणीत थोडे कमी, आधी मुले झालेल्या बाईत थोडे जास्त. कोणी म्हणेल, निम्म्या यशासाठी एवढा खटाटोप कशाला, सरळ सिझेरियन करावे. याचे उत्तर द्यायला हवे.

२००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सव्वीस देशांतील दोन हजारांवर बायांचा त्यात समावेश होता. पायाळू बाळासाठी ठरवून सिझेरियन केले तेव्हा बाळ दगावण्याचे किंवा गंभीर इजा होण्याचे प्रमाण शंभरात १.६ होते आणि खालून बाळंतपण करायचे ठरवले तेव्हा ५. त्यानंतर जगभर पायाळू म्हटले की सिझेरियन अशी रीत पडली. पायाळू मूल खालून काढण्याचा सराव असलेले हातही त्यामुळे कमी झाले. सिझेरियनने असंख्य जीव वाचले आहेत, त्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण पोटावरचा व्रण पुढच्या खेपेला सोबत येतो. पुढच्या गरोदरपणात वार त्या व्रणावर चिकटण्याचा धोका वाढतो. वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा शेतात राबणाऱ्या बाईला महिना-दोन महिने वजन उचलू नकोस असे सांगणे सोपे आहे, तिला ते पाळता येणे अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील शंभर बाळंतपणांत सुमारे पंचवीस सिझेरियनची होती. जे सिझेरियन टाळता येण्यासारखे आहे ते सुरक्षितपणे टळावे, एवढ्यासाठी मूल वळवण्याचा प्रयत्न आहे.

येथवर आले की घरोघरी एक वाक्य ऐकू येते, "मूल वळलं, आता काळजी मिटली." आमच्या आजच्या भाषणाचा गाभा या वाक्यात आहे. ते वाक्य पुरते खरे नाही. बँकेत दिवसभराची व्हाउचरे पास झाली म्हणून कोणी घरी जात नाही. संध्याकाळी रोकड मोजून ती वहीशी जुळवावी लागते. वळवलेल्या बाळाचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट, शंभर वळवलेल्या बाळांपैकी दोन-चार पुन्हा उलटी फिरतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१४ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की वळवून डोके खाली आणलेल्या बाळांच्या वेळी सिझेरियनची गरज, आपोआप डोके खाली असलेल्या बाळांच्या तुलनेत साधारण दुप्पट लागते. कारणे मुख्यतः दोन. कळा येऊनही बाळंतपण पुढे सरकत नाही, किंवा कळांच्या ताणात बाळाचे ठोके बिघडतात. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची वेळही थोडी जास्त येते. यातून वळवणे वाईट असा अर्थ काढू नये. न वळवता राहिले असते तर यांतील बहुतेकींना सिझेरियनच लागले असते. वळवल्यावर बहुसंख्य बाया नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. अर्थ एवढाच की त्यांचे बाळंतपण घरी किंवा सोयी नसलेल्या ठिकाणी होता कामा नये.

असे का होते? बाळ मुळात ज्या कारणाने उलटे राहिले, ते कारण बाळ वळल्यावरही तिथेच असते. पिशवीचा आकार बदलत नाही, पाणी कमी असेल तर ते वाढत नाही. काही बाळांना वारेकडून होणारा पुरवठा आधीच बेताचा असतो. अशी बाळे शांतपणे पडून असताना निभावतात, पण कळांचा ताण त्यांना झेपत नाही.

मग यांपैकी कोणाला त्रास होईल हे आधी ओळखता येईल का? येथे सोनोग्राफीचा उपयोग येतो. या यंत्राचा इतिहास विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखा आहे. कारखान्यात लोखंडातील भेगा शोधायला ध्वनिलहरींचे यंत्र वापरत. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी ते माणसाच्या पोटावर वापरून पाहिले आणि १९५८ साली आपल्या सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बॉयलरमधली भेग शोधणारी युक्ती आईच्या पोटातले बाळ दाखवू लागली.

वळवण्याआधी आणि वळवल्यानंतर सोनोग्राफी काय दाखवते, ते फाईलमधील शब्दांसह सांगतो, म्हणजे कागद हाती आल्यावर आपण अगदीच परके राहणार नाही. 'प्रेझेंटेशन' म्हणजे खाली काय आहे. तेथे 'सेफॅलिक' असेल तर डोके, 'ब्रीच' असेल तर ढुंगण किंवा पाय, आणि 'ट्रान्सव्हर्स' असेल तर बाळ आडवे. 'प्लॅसेंटा' म्हणजे वार. ती कोठे आहे आणि बाळंतपणाच्या वाटेपासून किती लांब आहे, ते लिहितात. 'लायकर' किंवा 'एएफआय' म्हणजे बाळाभोवतीचे पाणी. हा आकडा पाचच्या खाली गेला की पाणी कमी समजतात. 'ईएफडब्ल्यू' म्हणजे बाळाचे अंदाजे वजन. 'कॉर्ड' म्हणजे नाळ. मानेभोवती नाळेचा वेढा दर चार-पाच बाळांत एकाला असतो आणि बहुतेकांना त्यापासून काही होत नाही. त्यामुळे तो शब्द पाहून घाबरू नये.

शेवटचा शब्द 'डॉप्लर'. यात रक्तप्रवाह मोजतात. वारेकडून पुरवठा कमी पडू लागला की बाळ शहाणपणाने वागते आणि उरलेले रक्त मेंदूकडे जास्त वळवते. नाळेतील प्रवाह आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील प्रवाह यांचे गुणोत्तर डॉक्टर काढतात. ते उतरलेले असेल तर कळांच्या वेळी बाळ थकण्याची शक्यता जास्त धरतात. मूल वळवल्यावर कोणत्या बाईवर अधिक लक्ष ठेवायचे हे ठरवायला याचा हातभार लागतो.

मात्र सोनोग्राफी म्हणजे भविष्य नव्हे. वजनाचा अंदाज दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकतो. तीन किलो लिहिलेले बाळ प्रत्यक्षात साडेतीनला टेकू शकते. डोके हाडांच्या वाटेतून जाईल की नाही, हे कळा सुरू झाल्यावरच कळते. डॉप्लर चांगला आला म्हणून सर्व सुरळीत होईल याची हमी नाही आणि किंचित कमी आला म्हणून लगेच पोट कापावे असेही नाही. यंत्र सावध करते. निर्णय डॉक्टरांनी आईशी बोलून, ठोके आणि कळा पाहून घ्यायचा असतो.

आणखी एक अभ्यास सांगतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ३,८७९ पहिलटकरणींची छत्तिसाव्या आठवड्याला सोनोग्राफी केली. त्यात १७९ बाळे उलटी आढळली, आणि त्यांतील ९६ बायांबाबत आधी कोणालाही तशी शंका आलेली नव्हती. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित हातांनाही निम्म्याहून अधिक बाळे कळली नाहीत, तर आपल्या गल्लीतील अंदाजांवर किती विसंबावे? आपल्या सरकारी पद्धतीत छत्तिसाव्या आठवड्याला प्रत्येकीची सोनोग्राफी होतेच असे नाही. पण त्या आठवड्याला तपासणीला जाऊन "बाळाचं डोकं खाली आहे का?" हा प्रश्न विचारणे आपल्या हातात आहे.

सोनोग्राफीबद्दल बोलताना मराठवाड्याच्या माणसाला एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. हे यंत्र आपल्या भागात मुलींच्या जिवावर उठले. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात केवळ ८०७. लिंगनिदानावर बंधन आणणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला, १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. म्हणूनच गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीआधी एफ नमुना भरतात आणि 'मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचे नाही' या मजकुराखाली तिची सही किंवा अंगठा घेतात.

विद्यार्थ्यांनी हा एफ नमुना एकदा जरूर वाचावा. त्यात सोनोग्राफी कोणत्या कारणांसाठी करता येते त्यांची यादी आहे. बाळ कोणत्या बाजूने आहे ते पाहणे, वार, नाळ, पाणी आणि वजन तपासणे, डॉप्लर करणे ही कारणे त्यात आहेत. त्याच यादीत बाळ बाहेरून वळवणे आणि त्यानंतरची पाहणी हेही नोंदवलेले आहे. 'त्यानंतरची पाहणी' हे शब्द आपण लक्षात ठेवावेत. मुलीचा जीव घेण्यासाठी ज्याचा गैरवापर झाला, ते यंत्र आई आणि बाळ दोघांना वाचवण्यासाठी कसे वापरायचे, ते कायद्यानेच लिहून ठेवले आहे. जो कोणी पायाळू तपासण्याच्या निमित्ताने "बघा ना, काय आहे" असे डॉक्टरांना विचारतो, तो कायदा मोडतो आणि त्या बाईच्या तपासणीवरही संशय आणतो. असा प्रश्न आपल्या घरातून कधीही जाऊ नये.

आता आपल्या चालीरीतींचा विचार करू. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. समजा, छत्रपती संभाजीनगरातील एक सून सातव्या महिन्यात पैठण किंवा सिल्लोड तालुक्यातल्या माहेरी गेली. तिची तपासणी शहरात झालेली, कागद सासरच्या कपाटात आणि छत्तिसावा आठवडा उजाडतो माहेरी. मूल वळवण्याचा नेमका काळ या ये-जा करण्यात निघून जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे हाल याहून जास्त. दिवाळीनंतर कोयता घेऊन ती साखर कारखान्याच्या तळावर जाते, मुक्काम बदलत राहतो आणि तपासणी एका ठिकाणी होत नाही. चालीरीती एका दिवसात बदलत नाहीत, पण फाईल तरी बाईसोबत जायला हवी. बाईच्या डोक्यावरच्या बोचक्यात तिचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले, तर त्याचा उपयोग दागिन्यापेक्षा जास्त होईल.

खर्चाची भीती अनेकांना असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्याप्रमाणे सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण यांचा खर्च बाईवर पडू नये असे ठरलेले आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांवर गरोदर बायांची तपासणी होते. १०८ आणि १०२ या क्रमांकांची रुग्णवाहिका आहे. मोठी गुंतागुंत असेल तर आपली घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, १९५६ पासून उभी आहे. तेथे गर्दी असते, थांबावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शस्त्रक्रियेची सोय आणि नवजात बाळाची देखभाल एका छपराखाली आहे.

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, अशी भूमिका त्यांनी तेव्हा मांडली. आज ज्या सोयी आपल्याला हक्काने मिळतात, त्या मागायला लाजण्याचे कारण नाही.

शेवटी, घरी जाताना सोबत न्यायच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

एक, सातव्या महिन्याआधी 'ब्रीच' वाचून घाबरू नका. छत्तिसाव्या आठवड्याला मात्र बाळाचे डोके कोठे आहे ते विचारल्याशिवाय राहू नका.

दोन, बाळ उलटे असेल तर त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात दाखवा आणि मूल वळवता येईल का, ते विचारा. ही सोय प्रत्येक ठिकाणी नसते. नसेल तर कोठे आहे तेही विचारा. घरी पोट चोळू देऊ नका.

तीन, मूल वळले तरी आठवडाभराने पुन्हा तपासणी करा. कळा सुरू झाल्यावर रुग्णालयात पोचताच "आमचं मूल वळवलेलं आहे" असे आधी सांगा, म्हणजे डोके अजून खाली आहे ना, ते ते पाहतील आणि ठोक्यांवर लक्ष ठेवतील.

चार, पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल मंदावली किंवा पोट सतत दुखत राहिले, तर सकाळची वाट पाहू नका. पाणी गेल्यावर नाळ हाताला लागल्यासारखे वाटले तर बाईला चालवू नका. तिला डाव्या कुशीवर कंबर उंच करून निजवा आणि तसेच रुग्णालयात न्या.

पाच, कागद बाईसोबत ठेवा आणि निर्णयाच्या वेळी तिला विचारा. मूल वळवायचे का, थांबायचे का, सिझेरियन करायचे का, यावर आपण घरातील चारचौघे बोलतो. जिच्या पोटावर हात ठेवला जाणार, ती कोपऱ्यात गप्प बसलेली असते. डॉक्टरांशी बोलणे तिच्या समोर आणि तिच्या भाषेत व्हायला हवे.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. आपल्या वसाहतीत इंग्रजी वाचता येणारे तुम्हीच आहात. संस्थेच्या वाचनालयात रविवारी दोन तास बसून गरोदर बायांच्या फाईली वाचून द्याव्यात, पुढच्या तपासणीची तारीख मराठीत कागदावर लिहून द्यावी, एवढे काम तुम्ही सहज करू शकाल. फाईलमध्ये काय लिहिले आहे तेवढे सांगायचे. उपचार सांगायचा नाही आणि अंदाजही करायचा नाही. आम्ही त्यासाठी आमचा रविवार द्यायला तयार आहोत. ज्यांना यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर नावे द्यावीत.



जय भीम.